दूरचित्रवाणी संच घेण्यापूर्वी

दसरा-दिवाळी जवळ आली की पदार्थविज्ञान विभागात एक प्रश्न हमखास येतो. विद्यार्थी विचारतात, सहकारी प्राध्यापक विचारतात, कार्यालयातील मंडळीही विचारतात : "सर, नवा टीव्ही घ्यायचा आहे, किती इंची घ्यावा?" या प्रश्नाला मी सहसा प्रतिप्रश्नांनीच उत्तर देतो. खोली केवढी आहे? पाहणारे किती, आणि त्यांत वडीलधारे किती? छप्पर स्लॅबचे की कौलारू? विचारणाऱ्याला वाटते, सर विषय टाळत आहेत. वस्तुतः या प्रश्नांवाचून इंचांच्या प्रश्नाला उत्तरच नाही. ते का, हे प्रस्तुत लेखात थोडे विस्ताराने मांडावयाचे आहे. लेखात चार-दोन ठिकाणी आकडेमोड येईल; ती अकरावीच्या पलीकडची नाही, तेव्हा कला शाखेच्या वाचकांनी पान उलटू नये.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. १९७५-७६ साली 'साइट' या नावाने झालेल्या उपग्रह प्रयोगात कर्नाटकासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविण्यात आले आणि आपल्या राज्यातील खेड्यांनी कन्नड कार्यक्रम उपग्रहाकडून थेट पाहिले. पुढे १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने पडद्यावर रंग आला. त्या पिढीला निवड अशी फारशी नव्हतीच. सरकत्या दाराचा लाकडी खोका यावयाचा, सगळी आळी त्याच्यासमोर बसावयाची. मात्र तो खोका चांगला हात-दीड हात खोल असे आणि आतील ध्वनिक्षेपकाला त्यात ऐसपैस जागा मिळे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

प्रथम इंचांचा हिशेब. पडद्याचे माप म्हणजे त्याच्या कर्णाची लांबी. जुन्या संचांच्या पडद्याची रुंदी व उंची ४:३ प्रमाणात असे, आताच्या पडद्यांची १६:९ असते. पायथागोरसाचे प्रमेय लावले तर जुन्या २९ इंची पडद्याची उंची १७.४ इंच भरते आणि नव्या ३२ इंची पडद्याची १५.७ इंच. नळीच्या झाकलेल्या कडा वजा केल्या तरी जुना २९ इंची उंचीला सरसच ठरतो. म्हणून तो काढून ३२ इंची आणलेल्या घरात "माणसे लहान झाली" अशी तक्रार ऐकू येते. ती खरीच असते. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के आणि त्यांवरील संचांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, तेव्हा पुष्कळजण ३२ पाशीच थांबत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्केच कर आहे, त्यामुळे ती सबब आता उरलेली नाही.

मग किती मोठा घ्यावा? याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. निरोगी डोळ्याला, म्हणजे डॉक्टर ज्याला ६/६ म्हणतात त्या डोळ्याला, दोन बिंदू सुटे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये निदान एका कलेचा कोन असावा लागतो. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. रेडियनमध्ये हा कोन ०.०००२९ होतो. आपल्याकडील बैठकीच्या खोलीत पाहणारा साधारणपणे दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर बसतो. तेथून त्याला ०.८९ मिलिमीटरपेक्षा जवळचे बिंदू सुटे दिसणार नाहीत. आता ५५ इंची पडदा घ्या. त्याची रुंदी सुमारे १,२१८ मिलिमीटर. 'फुल एचडी' पडद्यात आडवे १,९२० बिंदू असतात, तेव्हा एक बिंदू ०.६३ मिलिमीटरचा, 'फोर के' पडद्यात ३,८४० बिंदू, म्हणजे ०.३२ मिलिमीटरचा. दोन्ही ०.८९ पेक्षा लहान! काही तरुण डोळे याहून तीक्ष्ण असतात हे मान्य करूनही, दहा फुटांवरून या दोहोंतील सूक्ष्मतेचा फरक बहुतेकांच्या डोळ्यांना कळणार नाही असे म्हणावयास हरकत नाही. दुकानात मात्र आपण पडद्यापासून तीन फुटांवर उभे राहतो आणि फरक लख्ख दिसतो. या आकाराचे बहुतेक संच आता 'फोर के'च येतात, म्हणून तो वाद मिटल्यातच जमा आहे. परंतु 'एट के'साठी कोणी जादा पैसे मागू लागला तर हे गणित त्याच्यापुढे मांडावे.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक उपयोगाची आहे. केबलवरून येणाऱ्या पुष्कळ साध्या वाहिन्यांच्या चित्रात आडवे बिंदू सुमारे ७२० च असतात. तेच चित्र ५५ इंची पडद्यावर ताणले की एकेक बिंदू १.७ मिलिमीटरचा होतो आणि दहा फुटांवरूनही चित्र पुसट दिसते. ज्या घरात दिवसभर अशाच वाहिन्या चालतात, तेथे पडदा जितका मोठा तितके चित्र वाईट. चित्रपटासाठी पडद्याने डोळ्याशी ३० अंशांचा कोन करावा असा अभियंत्यांचा एक प्रचलित दंडक आहे. त्याप्रमाणे दहा फुटांवर तब्बल ७४ इंची पडदा लागेल. बातम्या, मालिका आणि क्रिकेट यांना २० अंश पुरतात. त्याला ४९ इंच होतात. माझे मत विचाराल तर दहा फुटांच्या खोलीत ५० ते ५५, आणि आठ फुटांच्या खोलीत ४३ इंच पुष्कळ झाले. ज्याच्या घरी चित्रपटच पाहिले जातात त्याने खुशाल मोठा घ्यावा.

पडद्याच्या जातींची नावे ऐकून सामान्य ग्राहक गांगरून जातो. 'एलईडी' म्हणून विकला जाणारा पडदा हा खरे तर द्रवस्फटिकांचा पडदा असतो. एलईडी दिवे त्याच्या पाठीमागे असतात आणि पुढील द्रवस्फटिक तो उजेड अडवितात किंवा सोडतात. 'क्यूएलईडी'मध्ये याच रचनेत क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा एक पापुद्रा असतो आणि त्यामुळे रंग शुद्ध होतात. या स्फटिकांवरील संशोधनाला २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'ओएलईडी' मात्र वेगळ्याच जातीचा. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो आणि विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. तो महाग असतो, आणि एकच स्थिर आकृती, उदाहरणार्थ वाहिनीचे बोधचिन्ह, वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्यास तिचा डाग उमटण्याची भीती असते. दिवसभर बातम्यांची एकच वाहिनी लावून ठेवणाऱ्या घरात तो नेऊ नये.

द्रवस्फटिकांच्या पडद्यात पुन्हा दोन उपजाती आहेत. 'व्हीए' पडद्यात काळा रंग चांगला दिसतो, पण बाजूने पाहिल्यास चित्र फिके पडते. 'आयपीएस' पडदा बाजूनेही नीट दिसतो, मात्र अंधाऱ्या खोलीत त्यातील काळा करडा वाटतो. आपल्या घरांत एक जण दिवाणावर, दोघे सतरंजीवर आणि आई स्वयंपाकघराच्या दाराशी भाजी निवडत बसलेली, अशी बैठक असते. तेथे 'आयपीएस' बरा. या संदर्भात एक अभिमानाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बाजूने फिके दिसण्याचा हा दोष आरंभीच्या द्रवस्फटिक पडद्यांत फारच होता. तो कमी करण्यासाठी ज्या पातळ पटलांचा वापर झाला, त्यांत चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक होते. असे द्रवस्फटिक असू शकतात हे जगाला प्रथम दाखविले ते १९७७ साली, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत, प्रा. एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आपल्याच राज्यातील ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते, याचे वाईट वाटते.

पडदा भिंतीवर फार उंच टांगू नये. देवाच्या तसबिरीच्या रांगेत तो लावण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्याने मान अवघडते आणि खालून पाहिल्याने चित्रही उतरते. बसलेल्या माणसाचे डोळे पडद्याच्या मध्याशी आले म्हणजे उंची बरोबर. समोर खिडकी नसावी. दुकानातील संच भडक चित्राच्या मांडणीत ठेवलेले असतात, कारण शेजारच्या दहा संचांत उठून दिसावयाचे असते. रिमोट मागून घ्यावा, मांडणी 'सिनेमा' या नावाची करावी आणि मगच पाहावे. स्वतःच्या घरातील एखाद्या समारंभाचे चित्रण पेन ड्राइव्हवर नेता आले तर फारच उत्तम. मामाच्या चेहऱ्याचा रंग आपल्याला पाठ असतो, परदेशातील समुद्राचा नसतो.

इतका वेळ डोळ्याविषयी बोललो. दुकानदारही तेवढेच बोलतो, आणि सगळे पैसे तेथेच संपतात. नवा संच आल्यावर घरात खरी अडचण सुरू होते ती कानाची. पूर्वी खोल खोक्यात बसणारा ध्वनिक्षेपक आता दोन-तीन बोटे जाडीच्या संचात कसाबसा मावतो आणि पुष्कळदा त्याचे तोंड जमिनीकडे किंवा भिंतीकडे असते. याचा त्रास प्रथम होतो तो घरातील म्हाताऱ्या माणसांना. चित्र पूर्वीपेक्षा चौपट मोठे झाले, तरी आजी हळूहळू टीव्हीसमोरून उठते आणि जपमाळ घेऊन आत जाऊन बसते. विचारले तर "मला नाही आवडत आताच्या मालिका" म्हणते. आवडीनिवडीचा प्रश्न नसतो, तिला बोलणे कळत नसते, आणि दर वाक्याला "काय म्हणाली?" असे विचारण्याची तिला लाज वाटते.

येथे थोडे ध्वनिशास्त्र पाहू. बोलण्यातील स्वरांमध्ये ऊर्जा पुष्कळ असते आणि ती मुख्यतः कमी कंपनसंख्येच्या पट्ट्यात असते. व्यंजने, विशेषतः स, श, च, त, ठ यांसारखी, दुबळी असतात आणि त्यांची ओळख पटविणारा ध्वनी बव्हंशी २,००० हर्ट्झच्या वर असतो. शब्दाचा अर्थ मात्र व्यंजनांवर टांगलेला. 'पाच', 'पास', 'पाट', 'पाठ' यांत स्वर एकच आहे. बाजारभाव सांगताना 'सात' की 'साठ' हे कळले नाही, तर ऐकून उपयोग काय? उतारवयात कानाची शक्ती उणावते ती प्रथम याच उंच कंपनसंख्यांच्या बाबतीत. आता 'आवाज मोठा कर' म्हटल्यावर काय होते पाहा. स्वर मोठे होतात, पार्श्वसंगीत मोठे होते, नातवंडे कानावर हात ठेवतात, आणि हरवलेले व्यंजन हरवलेलेच राहते.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही वाहिन्या लागतात. शेजारी मिळून एखादा चित्रपट पाहतात तेव्हा अर्ध्या मंडळींना त्याची भाषा मातृभाषा नसते. मातृभाषेत एखादे व्यंजन गळाले तरी मन ते संदर्भाने भरून काढते. दुसऱ्या भाषेत ही भरपाई कमी पडते, कान कितीही तरुण असला तरी. या अंकाच्या कन्नड विभागातील माझ्या वाचक मित्रांना मराठी नाटकाचे चित्रण पाहताना हा अनुभव येत असेल, आणि मला कन्नड चित्रपट पाहताना नेहमी येतो.

दोष एकट्या संचाचा नसतो, खोलीचाही असतो. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात असाच एक पेच पडला होता. नव्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात व्याख्यात्याचा एक शब्द धड कळेना. वॉलेस सॅबिन नावाच्या पदार्थविज्ञानाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. बोललेला शब्द त्या खोलीत पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राहतो, असे त्याला आढळले. मग तो रात्री-अपरात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या व्याख्यानगृहात आणी, किती गाद्यांनी निनाद किती घटतो ते मोजी, आणि सकाळपूर्वी गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवी. त्यातून निघालेले सूत्र आपण पदवीच्या वर्गात शिकतो : निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचे आकारमान, भागिले एकूण शोषण.

हे सूत्र आपल्या घराला लावू. बारा फूट बाय चौदा फुटांची, दहा फूट उंचीची खोली. आकारमान सुमारे ४७.५ घनमीटर, भिंती-छत-जमीन मिळून पृष्ठफळ सुमारे ८० चौरस मीटर. गुळगुळीत गिलावा आणि शहाबादी फरशी आपल्यावर पडणाऱ्या ध्वनीचा जेमतेम चार टक्के भाग शोषतात, म्हणजे शोषण ३.२. निनादकाल २.४ सेकंद! आपण सेकंदाला पाच-सहा अक्षरे बोलतो. म्हणजे प्रत्येक अक्षर पुढच्या बारा-तेरा अक्षरांवर आपले सावट टाकीत राहते. आता खिडकी-दारांना पाचेक चौरस मीटरचे जाड, चुण्यांचे पडदे लावा (शोषण २.५), सतरंजी, गादी आणि लोड घाला (सुमारे २.५), आणि पाच माणसे बसवा (सुमारे २). शोषण १०.२ झाले आणि निनादकाल पाऊण सेकंदावर आला. सॅबिनच्या हिशेबात उघडी खिडकी म्हणजे शंभर टक्के शोषण, कारण बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. तेव्हा हजारो रुपयांची ध्वनियंत्रणा घेण्यापूर्वी शहापूरच्या बाजारातून पडद्याचे जाड कापड आणावे, असे मी सांगतो. ऐकणारे हसतात.

कापडाने काम अर्धे होते. उरलेल्या अर्ध्यासाठी स्वतंत्र ध्वनिक्षेपक घ्यावा लागतो. बाजारात '५.१' अशी जी भाषा ऐकू येते तिचा अर्थ असा : पुढे तीन, बाजूंना किंवा मागे दोन, असे पाच ध्वनिक्षेपक, आणि '.१' म्हणजे सुमारे १२० हर्ट्झच्या खालील घनगंभीर आवाजासाठी निराळी पेटी. अशा ध्वनिपद्धतींशी ज्याचे नाव जोडले गेले आहे तो रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता आणि येथून गेल्यावर १९६५ साली त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली, हे अनेकांना माहीत नसते. पाचांपैकी महत्त्वाचा कोणता, तर पुढचा मधला. चित्रपटातील संवाद मुख्यतः त्याच्याकडे दिलेले असतात. म्हणून मागे दोन क्षेपक लावण्याची ऐपत नसली तरी चालेल, मधला मात्र वेगळा असावा. पडद्याखाली ठेवावयाची लांबट ध्वनिपट्टी, म्हणजे साउंडबार, घेणार असाल तर '२.१' पेक्षा '३.१' घ्यावी. ज्याला गाण्याचा शौक आहे त्याने एक साधा अॅम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांचे दोन चांगले ध्वनिक्षेपक घ्यावेत. त्यांत मधला क्षेपक नसला तरी पेट्या पडद्याच्या दोन्ही अंगांना कानाच्या उंचीवर ठेवल्यास संवाद स्वच्छ येतात, आणि असा जोड दोन टीव्ही म्हातारे होईपर्यंत टिकतो.

छताकडे आवाज फेकून तो वरून आल्याचा भास निर्माण करणाऱ्या 'अॅटमॉस' पट्ट्यांची सध्या फार जाहिरात आहे. त्या सपाट आणि कठीण छतासाठी आहेत. खानापूरकडील किंवा जुन्या बेळगावातील मंगळुरी कौलांच्या उतरत्या छपराखाली त्यांचा आवाज भलतीकडेच जातो. तेथे ते पैसे वाया गेले म्हणून समजावे.

वॅटांच्या आकड्यांनी फसू नये. 'पीएमपीओ' म्हणून छापलेल्या हजारो वॅटांना सर्वमान्य मोजमापाचा आधार नसतो. पेटीसोबतचा विजेचा अडॅप्टर उलटा करून वाचावा. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर असे असेल, तर आत २४ वॅटच येतात. बाहेर एक हजार कोठून येणार? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दुकानातही चालतो. शिवाय आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी वॅट सुमारे दहापट लागतात, तेव्हा ४० आणि ६० वॅटांतील फरकासाठी भांडू नये.

जोडणी तारेने करावी. टीव्हीच्या मागे 'एआरसी' असे लिहिलेले एक छिद्र असते. तेथून एकच तार ध्वनिपट्टीला नेली की टीव्हीचा सगळा आवाज तिच्यातून येतो आणि एका रिमोटने भागते. ब्लूटूथने जोडल्यास आवाज कधी कधी दशांश सेकंदाहूनही अधिक मागे पडतो. ओठ आणि शब्द यांची फारकत झाली की म्हाताऱ्या माणसाचे आणखीच हाल होतात, कारण कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठांवरूनही वाचत असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात विजा पडतात, तेव्हा घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि वादळात केबलची तारही काढून ठेवावी.

पैशांची वाटणी कशी करावी असे विचाराल, तर शंभरातील सत्तर चित्राला आणि तीस आवाजाला, असे माझे सांगणे असते. त्यासाठी पडदा एक आकार लहान घ्यावा लागला तरी घ्यावा.

दुकानात आवाजाची परीक्षा घेण्याची एक रीत आहे. दुकानदार हाणामारीचा प्रसंग लावून काचा हादरवून दाखवील. तो बंद करण्यास सांगावे. बातम्या लावाव्यात, शक्यतो आपली मातृभाषा नसलेल्या भाषेतील पण आपल्याला समजणाऱ्या. आवाज जेमतेम ऐकू येईल इतका उतरवावा, दहा पावले मागे जावे, संचाकडे पाठ करावी आणि कानावर येणारी नावे व आकडे कागदावर लिहावेत. मग दुसरी पेटी लावून तेच करावे. सोबत आजीला न्यावे, तिला खुर्ची मागून घ्यावी, आणि तिच्या कागदावर ज्या पेटीचे आकडे अधिक बरोबर येतील ती घ्यावी.